सिमेंटचं हरीण

किल्ल्यांनाही उतारवय असतं. काही डोंगरमाथ्यावर एकटे पडून ऊनपाऊस खात राहतात, काहींना ट्रेकवाल्या पोरांची रविवारपुरती सोबत मिळते, आणि जालन्याच्या मस्तगडासारखा एखादा म्हातारपणी सरकारी नोकरी धरतो. १७२५ साली आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानाने हा गड बांधला. चौकोनी तटबंदी, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज, आत एक मोठी विहीर आणि विहिरीला वेढून सज्जे नि दालनं. म्हणजे बाहेर शत्रूने तळ दिला तरी आतल्यांनी गारव्याला बसून त्याच्या कंटाळण्याची वाट पाहावी, अशी सोय. पुढे काळ बदलला. बालेकिल्ल्यात नगरपालिकेची कचेरी आली, आणि ज्या भिंतींनी गनिमाला रोखायचं त्या थकबाकीदारांना आत बोलावू लागल्या. आता मस्तगड म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे तोफ येत नाही. रिक्षावाला मान न वळवता विचारतो, "अलीकडं सोडू का पलीकडं?" आणि तीनशे वर्षांचा इतिहास वीस रुपयांत उरकतो.

मला या बदलात काही वाईट दिसत नाही. गडाने माणसं मारण्यापेक्षा जन्माचे दाखले द्यावेत, हे कधीही बरं. शिवाय गावाच्या शोभेचा विचार तरी दुसरीकडे कुठे होणार? पूर्वी कुणा सरदाराच्या मनात आलं की गावात पाणी खेळायचं. जालन्याच्या पश्चिमेचा मोती तलाव असाच जमशेदखानाच्या मनात आला. त्याचं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत पोचवलं गेलं, आणि मोतीबागेत आजही जालनेकर लेकराबाळांना घेऊन संध्याकाळ काढतात. आताशा शोभा कुणा एकाच्या मनात येत नाही. ती आधी ठरावात येते, मग अंदाजपत्रकात, मग निविदेत, आणि मार्चअखेरच्या जरा आधी धापा टाकत बागेत येते. येताना मात्र रिकाम्या हाताने येत नाही. सोबत जनावरं घेऊन येते.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावची नव्याने सजवलेली बाग डोळ्यांपुढे आणा. पेव्हर ब्लॉक बसलेले असतात. ओपन जिममध्ये पदर खोचून दोघी-तिघी हवेतल्या हवेत मैलभर चालून येतात. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालेलं असतं. आणि हिरवळीवर, ‘गवतावर चालू नये’ या पाटीला न जुमानता, एक सिमेंटचं हरीण उभं असतं. शेजारी जिराफ; त्याची मान ठरल्यापेक्षा थोडी आखूड, कारण वरून विजेची तार गेलेली आहे. पलीकडे मोर, पिसारा बारमाही फुललेला, जणू मराठवाड्याच्या आभाळावर भरवसा ठेवणारा तो शेवटचा इसम. डोक्यावर घागर घेतलेली एक बाई, जिची घागर वर्षानुवर्षं भरतही नाही आणि सांडतही नाही, आणि जिच्याकडे पाहून आसपासच्या बायकांना नळाची वेळ आठवते. बैलजोडी हाकणारा शेतकरी. मोंढ्यात माल घालून आलेला खराखुरा शेतकरी कधी कधी त्याच्याच सावलीत बसून भाकरी सोडतो. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. एकाला भाव मिळालेला नसतो, दुसऱ्याला तो लागत नाही. आणि फाटकाशी, ऐन मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, पोटावर ‘मला वापरा’ लिहिलेला पेंग्विन तोंड उघडून उभा असतो.

पेंग्विनाच्या जातीतले जे फायबरचे चकचकीत लोक आहेत, त्यांच्याविषयी मला फारसं बोलायचं नाही. ते ट्रकात आडवे पडून येतात आणि सगळ्या देशात त्यांचा एकच चेहरा असतो. माझा जीव आहे तो गावातल्या गावात जन्मलेल्यांवर. आधी सळई वाकवून सांगाडा करायचा. त्याला कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात ती जाळी गुंडाळायची. वर सिमेंट-वाळूचा माल थापायचा, थापीने पाठ-पोट काढायचं, ओली पोती पांघरून काही दिवस पाणी मारत राहायचं. मग प्रायमर, मग ऑइल पेंट. जालन्यात या कामाला आणखी एक पदर आहे, कारण हे सळयांचं गाव. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत रात्रंदिवस भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. कुणाची मोडकी सायकल, कुणाची लोखंडी खाट, कुठल्या बंद पडलेल्या कारखान्याचं यंत्र, सारं एका आगीत जातं आणि पुलांत, धरणांत, पाचव्या मजल्याच्या स्लॅबमध्ये पुन्हा उभं राहतं. त्यातलीच एखादी सळई बागेतल्या हरणाच्या पायात गेली असेल, तर आज ते ज्या लोखंडावर उभं आहे त्यावर एके काळी कुणाचे तरी आजोबा टांग मारून स्वार होत असतील. पुनर्जन्माची गोष्ट मला पोथीपेक्षा औद्योगिक वसाहतीत जास्त पटते.

ज्यांच्या हातून ही जनावरं उतरतात, त्यांना गावात कुणी शिल्पकार म्हणत नाही. ‘पेंटर’ म्हणतात. एके काळी गावाचं सगळं वाचन त्यांच्या हातचं होतं. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रकच्या पाठीवरचं कमळ, निवडणुकीतली चिन्हं. एकाच दिवसात ते सकाळी ‘सत्यमेव जयते’ लिहीत आणि दुपारी ‘येथे लघुशंका करू नये’, आणि दोन्हींच्या अक्षरांना सारखीच सावली देत. मग फ्लेक्स आला. ज्या पाटीला चार दिवस लागत, ती तासाभरात छापून, नेत्याच्या हसऱ्या चेहऱ्यासकट, गुंडाळीतून बाहेर येऊ लागली. ब्रश केरोसीनच्या डब्यात वाळून गेले. कुणी रिक्षा घेतली, कुणी घरांना डिस्टेंपर मारायला लागलं. त्यांना परत बोलावलं ते, गंमत म्हणजे, कचऱ्याने. २०१६ पासून शहरांची स्वच्छतेची परीक्षा सुरू झाली, २०२० च्या गांधी जयंतीला राज्यात ‘माझी वसुंधरा’ मोहीम आली, आणि गावोगावच्या कचेऱ्यांना एकदम आपल्या भिंती उघड्या दिसू लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-ट्वेंटीच्या निमित्ताने परदेशी पाहुण्या आमच्या शेजारी छत्रपती संभाजीनगरात येणार म्हटल्यावर तर तिथल्या भिंतींनी रातोरात पैठणी नेसली. तेव्हापासून मराठवाड्यात अशी भिंत विरळा, जिच्यावर दोन तळहातांनी पृथ्वी तोललेली नाही. हात कुणाचे, ते विचारायचं नाही. बांगड्या नसल्या तरी नखांना मात्र हमखास गुलाबी रंग असतो.

पण मला सांगायचंय ते डोळ्यांविषयी. बागेतल्या त्या हरणापुढे जरा थांबा. त्याचे डोळे हरणाचे नसतात. लांबट, कोपऱ्यात किंचित वर वळलेले, पापणी अर्धी उतरलेली, काळ्या बाहुलीत पांढरा एकच ठिपका. हे डोळे कुठेतरी पाहिलेत असं वाटत राहतं, आणि भाद्रपदात उलगडा होतो. ज्या हाताने हरीण रंगवलं तोच हात पावसाळाभर गणपती रंगवतो. मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. पितांबर कुणीही रंगवावं, मुकुटाला सोनेरी कुणीही मारावं. पण आखणी जाणत्या हाताची. तो माणूस श्वास धरून एक रेघ ओढतो, आणि इतका वेळ माती असलेलं काहीतरी आपल्याकडे बघायला लागतं. वर्षानुवर्षं अशी देवांची नजर काढत आलेल्या हाताला मग दुसरी नजर येत नाही. यायची तरी कुठून? त्यामुळे आमच्या बागांतला जिराफ वरून आशीर्वाद दिल्यासारखा बघतो. वाघाच्या डोळ्यांत इतकी माया असते की परीक्षेत नापास झालेल्या पोराने त्याच्या गळ्यात पडून रडावं. एका तालुक्याच्या बागेत मी डायनासोर पाहिला. दात सगळे जागच्या जागी, नखं भयंकर, आणि नजर अशी, की समोर मोदक ठेवावासा वाटला. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक या बागेत आला तर त्याला घेरी येईल. लेकरं मात्र एकाही जनावराला भीत नाहीत. सरळ जाऊन पाठीवर बसतात.

या नजरेची वंशावळ मोठी आहे. अलिबागजवळच्या सासवण्यात १८९१ साली जन्मलेले विनायक पांडुरंग करमरकर असेच गणपती करणाऱ्या घरातले. पोराने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले. ते ऑटो रॉथफील्ड नावाच्या कलेक्टरच्या दृष्टीस पडले, आणि त्या गोऱ्या साहेबाच्या खटपटीने पोरगं मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचलं. १९२८ साली पुण्यात महाराजांचा जो अश्वारूढ पुतळा उभा राहिला तो त्यांच्या हातचा. म्हणजे आपल्याकडच्या एका थोर शिल्पकाराची सुरुवात आधी भाद्रपदातून आणि मग भिंतीवरून झाली, अगदी आमच्या पेंटरासारखी. फरक इतकाच की आमच्या भिंतीवरून जाणाऱ्या साहेबांच्या गाडीला काळ्या काचा असतात. सासवण्याच्या त्यांच्या घरी आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे, आणि तिथे थोरामोठ्यांच्या गर्दीत एक म्हैस आहे. थोरांना अमरत्व द्यायला बसलेल्या माणसाने म्हशीलाही रांगेत घेतलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी पुतळ्यापेक्षा जास्त आदर वाटतो.

आणि त्याही आधीचं पाहायचं तर वेरूळ आहेच, जालन्यापासून सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी पोचावं इतक्या अंतरावर. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात कैलास लेणं कोरलं गेलं, ते तरी शेवटी स्थानिक कलावंतांचं सार्वजनिक काम. कामाची निविदा कुणी भरली होती, मुदतवाढ किती वेळा मिळाली, हे इतिहासाने जपून ठेवलेलं नाही. त्या अंगणात दोन मोठे हत्ती उभे आहेत आणि दोघांच्याही सोंडा तुटलेल्या आहेत. हत्ती कोरायचा म्हटलं की सोंड ही पहिली जाणार, हा नियम तेव्हापासूनचा. आमच्या बागांत हत्तीची घसरगुंडी असते. शेपटीकडून चढायचं आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं. तिथेही पहिली तुटते ती सोंडच. पण कैलासाच्या हत्तीपुढे पर्यटक हळहळतात, आणि बागेतल्या हत्तीची सोंड तुटली की पोरं अर्ध्यावरून उडी मारायला शिकतात. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक काढणाऱ्या जालन्याने हत्तीचं एवढं तरी सोसायला हवं.

माझी आजी अशा बाबतीत फार चोखंदळ होती. एकदा मुंबई पाहायला म्हणून आम्ही तिला मलबार हिलवर नेलं. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट तेव्हा प्रत्येक मराठी घराच्या अल्बममध्ये असायचाच; खिडकीतून डोकावणारी पोरं, खाली उन्हाने डोळे बारीक केलेले आईवडील. तो बूट एका इंग्रजी बडबडगीतातला, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हांला वाटे, म्हातारी मुंबईचीच, असेल गिरगावातली वगैरे. आजी त्या बुटाभोवती एक चक्कर मारून आली, पदराने घाम टिपला आणि म्हणाली, "आन् दुसरा कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पुढे बरंच काही पाहण्यात आलं, पण शिल्पाबद्दल इतका मुद्द्याचा प्रश्न मी कुणा समीक्षकाकडूनही ऐकला नाही.

ज्याला निविदा लागली नाही असा माणूसही आपल्याच देशात होऊन गेला. चंडीगडचे नेक चंद हे रस्त्यांच्या खात्यात साधे निरीक्षक. नोकरी आटोपली की ते सायकलवरून राखीव रानात जात आणि फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, मोडीतलं सामान यांतून माणसं, पक्षी, माकडं उभी करत. बेकायदा, गुपचूप, कितीतरी वर्षं. सरकारच्या ध्यानात आलं तेव्हा काम इतकं पसरलं होतं की पाडायचीच लाज वाटली असावी. १९७६ साली ती बाग रीतसर लोकांसाठी उघडली. आमच्याकडे हे घडणं अवघड. आमच्या रानात गुपचूप जे चालतं त्यातून माकडं निघत नाहीत, वाळूचे ट्रक निघतात.

आमच्या जनावरांचं आयुष्य तसं खडतर असतं. दोन उन्हाळ्यांत रंग उडतो, तिसऱ्यात पोपडे येतात. मग कुणी मोठा माणूस येणार असतो किंवा सव्वीस जानेवारी जवळ येते, आणि एका दुपारी हरणावर नवा हात फिरतो. पण नवा हात जुन्या ठिपक्यांवर नेमका पडत नाही. ठिपके दर खेपेला थोडे फुगतात. मी एका चितळाला बघता बघता बिबट्या होताना पाहिलं आहे. शिंगं होती म्हणून ओळख पटायची. कधी पिवळा रंग उरलेला असतो म्हणून मोराचे पाय पिवळे होतात. घागरवालीची साडी तर दर निवडणुकीनंतर बदलते, तिच्या मताचा प्रश्नच नसतो. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा. कुणी उद्या खरवडून पाहिलं तर गावाचा गेल्या वीस वर्षांचा कारभार त्या हरणाच्या पाठीवर ओळीने सापडेल, दप्तरापेक्षा खरा.

आणि या सगळ्यात ठळक, कधीही न उडणारी एक गोष्ट असते. भिंतीवरच्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यातला मोबाइल नंबर. नावाआधी ‘आर्ट’, नावापुढे दहा आकडे. जाणकार लोक याला नाकं मुरडतात. भिंतीवर एवढा सुंदर सूर्यास्त आणि पाण्यात नंबर! पण वेरूळच्या त्या माणसांचं आपल्याला नावसुद्धा ठाऊक नाही. आणि आता गावोगावच्या बागांपुढे जी ‘आय लव्ह’वाली लाल बदामाची अक्षरं उभी आहेत, ती ज्या एका माणसाला न्यूयॉर्कात टॅक्सीच्या मागच्या सीटवर सुचली, त्या मिल्टन ग्लेझरने तर त्या कामाचे पैसेही घेतले नाहीत. त्याला परवडलं. आमच्या पेंटरला परवडत नाही. सही म्हणते, हे मी केलं. नंबर म्हणतो, मी अजून इथेच आहे आणि उद्या सकाळपासून रिकामा आहे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका भिंतीपाशी मी थांबलो होतो. दोन पिंपांवर फळी टाकून एक तरुण पेंटर बर्फ रंगवत होता. बर्फावर तीन पेंग्विन, मागे वितळणारे डोंगर, वर ‘पृथ्वी वाचवा’. खाली रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. तिन्ही पेंग्विन अर्ध्या मिटल्या पापण्यांनी ट्रॅक्टरांकडे बघत होते, जणू ट्रॅक्टरवाल्यांनी काही अपराध केला असेल तर तो त्यांनी आधीच पोटात घातला होता.

"पेंग्विन कधी पाहिलाय का?" मी खालून विचारलं.

"न्हाई काका," तो ब्रश न थांबवता म्हणाला. "आन् त्यानं तरी जालना कुठं पाहिलंय? फिटंफाट झाली."

"डोळे मात्र सुरेख आलेत."

"डोळे येतेत. ते सवयीचंय. बाकीचं इंजिनिअर सायबांनी मोबाइलवर फोटो पाठवलाय, त्यात बघून काढायलोय. पाय नीट दिसंना गेलेत त्यात, म्हणून बर्फात घातले."

मी फोटो काढायला मोबाइल वर केला. कोपऱ्यातले ते दहा आकडे चौकटीच्या बाहेर राहिले तर चित्र जास्त मोकळं दिसेल, म्हणून थोडा डावीकडे सरकलो. त्याने फळीवरून मान वळवून पाहिलं.

"काका, जरा मागं व्हा," तो म्हणाला. "नंबर येऊ द्या फोटोत. पेंग्विन एखादा कमी आला तरी चालतंय."